नाशिक, इगतपुरीचा पाऊस आणि समृद्धी महामार्ग : छोट्या गाडीसाठी नवे टायर कोणते, किती आणि कोणत्या मापाचे घ्यावेत?

गोदातीर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय आहे आणि तिच्यावर अजून कारखान्यातून आलेलेच टायर आहेत. त्यांचे माप १६५/८० आर१४ असून पुढे ८५टी असे कोरलेले आहे. रोजचा वापर नाशिक शहरातलाच आहे. पावसाळ्यात मात्र कामानिमित्त दर आठवड्याला इगतपुरीला जावे लागते, आणि वर्षातून काही वेळा सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढून आईवडिलांना भेटायला नागपूरला जाणे होते. त्या वेळी गाडीत चार माणसे आणि भरपूर सामान असते.

खोली मोजायचे साधे गेज आणून मी सगळे टायर तपासले. मागच्या दोन्ही टायरांच्या खाचा सुमारे साडेचार मिलिमीटर खोल आहेत. पुढच्या डाव्या टायरची खोली अडीच मिलिमीटर भरते. पुढचा उजवा टायर सारखा घासलेला नाही. बाहेरच्या कडेला साडेतीन आणि आतल्या कडेला जेमतेम दोन मिलिमीटर नक्षी उरली आहे. गाडीखाली वाकून पाहीपर्यंत ही आतली झीज लक्षात आली नव्हती, कारण उभे राहून पाहिले तर टायर चांगलाच दिसतो.

जवळच्या दुकानात चौकशी केली तेव्हा त्यांनी फक्त दोन टायर घेऊन ते पुढे बसवावेत असे सांगितले. सध्याच्या मापाऐवजी १८५/७० आर१४ घेतल्यास पकड वाढेल, असेही ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वी तयार झालेले टायर बऱ्याच कमी दरात देण्याची आणि हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचीही त्यांची तयारी आहे. माझ्या मेहुण्यांच्या मते मात्र थेट पंधरा इंची अलॉय चाके घालावीत. चार टायर घ्यावे लागले तरी खर्च वीस हजारांच्या आत राहावा अशी इच्छा आहे. माझा अग्रक्रम पावसातली पकड, मग महामार्गावरची सुरक्षितता आणि त्यानंतर टायरचे आयुष्य असा आहे. यातले काय स्वीकारावे आणि काय टाळावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सातारा_टायर (प्रतिसाद)

मी टायरच्या व्यवसायात आहे, त्यामुळे आधी मापाविषयी लिहितो, कारण गिऱ्हाइकाचा सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो.

१६५/८० आर१४ याचा अर्थ टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १४ इंची. त्यावरून पूर्ण चाकाचा व्यास काढता येतो : भिंतीची उंची १३२ मिलिमीटर, ती वर आणि खाली मिळून २६४, आणि १४ इंच म्हणजे ३५५.६, एकूण सुमारे ६२० मिलिमीटर. स्पीडोमीटर, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि गिअरचे प्रमाण हे सारे या व्यासाला धरून ठरवलेले असते. म्हणून माप बदलायचेच असेल तर आधी हा हिशेब कागदावर मांडावा, टायरची रुंदी किंवा त्याचे दिसणे नंतर पाहावे.

आपल्याला सुचवलेल्या १८५/७० आर१४ चा व्यास सुमारे ६१५ मिलिमीटर येतो. हा फरक एक टक्क्याहूनही कमी आहे आणि आपल्या रिमवर हा टायर बसतो. १८५/६५ आर१५ चा व्यास सुमारे ६२१ येतो. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच हे माप देते, त्यामुळे आपल्या मेहुण्यांची सूचना तांत्रिकदृष्ट्या चुकीची नाही. मात्र त्यात चार टायरांबरोबर चार रिमही घ्यावे लागतील आणि आपले अंदाजपत्रक कोलमडेल. काही ठिकाणी गिऱ्हाइकाला नुसते ‘एकशेपंच्याऐंशी’ असे सांगून १८५/६५ आर१४ पुढे केला जातो, त्यापासून मात्र सावध राहावे. त्याचा व्यास ५९६ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा जवळजवळ चार टक्के कमी आहे. त्याने गाडी सुमारे १२ मिलिमीटर खाली बसते आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो.

यापुढे येतो तो ८५टी हा भाग, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ८५ हा भारनिर्देशांक आहे. त्याचा अर्थ तो टायर योग्य दाबावर ५१५ किलो भार पेलू शकतो. ८८ असेल तर ५६० किलो आणि ८२ असेल तर ४७५ किलो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तपासलेला टायर, ‘एस’ म्हणजे १८० आणि ‘एच’ म्हणजे २१०. आपण एवढ्या वेगाने गाडी चालवणार नाही हे खरे. पण ही श्रेणी खरे तर सतत वेगात तापणारा टायर कितपत तग धरतो याची साक्ष असते. त्यामुळे नवा टायर घेताना यातला आकडा किंवा अक्षर मूळपेक्षा वरचे चालेल, खालचे कधीही घेऊ नये.

पुढच्या टायरांविषयी माझे मत असे, की दोन मिलिमीटर हे नियमात बसत असले तरी इगतपुरीच्या पावसात बसत नाही. मोटारीसाठी किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांच्या तळाशी असलेले रबराचे छोटे उंचवटे तीच दाखवतात. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. तीन मिलिमीटरच्या खाली गेल्यावर ओल्या रस्त्यावरचे थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढू लागते, म्हणून पावसाळी भागातल्या गिऱ्हाइकांना मी तिथेच टायर बदलायला सांगतो.

आगार_कार्यशाळा (प्रतिसाद)

एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो आहे आणि टायरच्या झिजेवरून गाडीचा आजार ओळखणे हा माझ्या कामाचाच भाग होता. वर मापाविषयी उत्तम लिहिले आहे. परंतु टायर विकत घेण्याआधी आपल्या पुढच्या उजव्या चाकाचा प्रश्न सोडवायला हवा, नाहीतर नवा टायरही आतून तसाच खाल्ला जाईल.

त्या टायरच्या नक्षीवर आतून बाहेर आणि मग बाहेरून आत असा तळहात फिरवून पाहावा. एका दिशेने हात सहज सरकला आणि उलट दिशेने नक्षीच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या टोचल्या, तर चाकाचा ‘टो’ बिघडला आहे असे समजावे; म्हणजे दोन्ही चाकांची तोंडे एकमेकांना समांतर नाहीत आणि टायर सरळ लोळण्याऐवजी किंचित आडवा घासत चालला आहे. कडा टोचत नसतील पण आतली बाजू सरसकट गुळगुळीत झाली असेल, तर चाक वरून आत झुकले आहे, म्हणजे कॅम्बरचा प्रश्न आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढचा कॅम्बर जुळवण्याची सोय नसते, फक्त टो जुळवता येतो. अशा वेळी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, यंत्रावर आकडे हिरवे करून दिले तरी दोष कायम राहतो, कारण मुळात लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश संपलेले असते, बॉल जॉइंट ढिला झालेला असतो किंवा खड्ड्यात आपटून एखादा भाग वाकलेला असतो. गाडी रॅम्पवर घेऊन चाक दोन्ही हातांनी वर-खाली आणि डावे-उजवे हलवून पाहिले आणि कांबीने बुश तपासले, की पाच मिनिटांत उलगडा होतो. हे काम आधी, टायर नंतर आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

आता दोन टायर पुढे की मागे, याविषयी. आपल्या दुकानदारांचा सल्ला सर्वत्र रूढ आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर आहे, स्टीअरिंग पुढे आहे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच येतो, म्हणून चांगले टायर पुढे हवेत, असे वरवर पाहता पटते. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते; चालकाला ते स्टीअरिंगमध्येच जाणवते आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर बहुतेक वेळा पकड परत येते. मागची चाके घसरली तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते, ती डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि घाबरून ब्रेक दाबला तर गाडी पूर्ण फिरते. ती सावरण्याचे कसब सर्वसाधारण चालकाकडे नसते आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. टायर बनवणाऱ्या कंपन्याही याच कारणाने, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असो वा मागच्या, दोनच नवे टायर असतील तर ते मागे बसवायला सांगतात. तसे करायचे झाल्यास आपले साडेचार मिलिमीटरचे टायर पुढे येतील आणि नवे मागे जातील.

मात्र हे सारे मागच्या टायरांचे वय ठीक असेल तरच. टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ते एकाच बाजूच्या भिंतीवर असतात, त्यामुळे बाहेरून सापडले नाहीत तर आतल्या बाजूला पाहावेत. आकडे वाचून इथे कळवावे.

वऱ्हाडवाट (प्रतिसाद)

आगार_कार्यशाळा यांच्याशी मी सहमत आहे. सातारा_टायर यांच्या एका मुद्द्यावर मात्र थोडे वेगळे मत मांडतो. १८५/७० आर१४ हिशेबात बसतो, पण आपला पहिला अग्रक्रम पावसातली पकड असेल तर रुंद टायर म्हणजे जास्त पकड हे समीकरण तिथे लागू पडत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर रुंद टायरचा थोडा लाभ होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला तेवढ्याच वेळात जास्त पाणी बाजूला सारावे लागते आणि अरुंद टायर पाणी कापून खालचा रस्ता लवकर गाठतो. शिवाय रुंद टायर वजनाने अधिक असतो आणि त्याचा लोटप्रतिरोधही (चाक लोळताना होणारा अडथळा) सहसा जास्त असल्याने इंधनही थोडे अधिक लागते. शहर, पाऊस आणि महामार्ग अशा मिश्र वापरात मूळ माप बदलण्याचे सबळ कारण मला दिसत नाही.

पाण्यावर तरंगण्याच्या या प्रकाराचा, म्हणजे हायड्रोप्लेनिंगचा, हवेच्या दाबाशी थेट संबंध आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. अमेरिकेतील नासाने विमानांच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून १९६३ मध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध केला : पाण्याची खोली नक्षीपेक्षा जास्त असेल तर टायर ज्या वेगाला रस्ता सोडतो तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्यानुसार ३३ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) तो ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २५ पीएसआयला ८३ च्या आसपास. मोटारीचा टायर चांगल्या नक्षीचा असेल तर त्याला याहून बरीच सूट मिळते, पण झिजलेल्या टायरला हा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू होतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. तिथे मुसळधार पावसात दोन मिलिमीटरच्या टायरांवर आणि कमी हवेवर कोणी शंभरने जात असेल, तर त्याचे स्टीअरिंग कोणत्याही क्षणी निरुपयोगी ठरू शकते.

उन्हाळ्याचे गणित वेगळे आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, सिमेंटचा रस्ता तापतो आणि आपण साडेपाचशे किलोमीटर जवळजवळ न थांबता एकाच वेगाने जाणार असता. अशा वेळी टायर फुटण्यामागे हवा जास्त होती असे लोक समजतात. पण बहुतांशी हवा कमी असणे हेच कारण असते. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्या हालचालीची उष्णता रबरात साठत जाते आणि शेवटी आतले थर एकमेकांपासून सुटतात. म्हणून दाब नेहमी थंड टायरवर, म्हणजे गाडी किमान दोन-तीन तास उभी राहिल्यावर तपासावा आणि चालकाच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर दिला असेल तितकाच ठेवावा. भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा दिलेला असतो. नागपूरला निघताना तो पाळावा. वाटेत पेट्रोल पंपावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसला तर घाबरून हवा सोडू नये, ती वाढ अपेक्षितच असते. टायरच्या भिंतीवर कोरलेला कमाल दाब हा त्या टायरच्या क्षमतेचा असतो, आपल्या गाडीसाठीचा नसतो.

नायट्रोजनविषयी थोडक्यात : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात बाष्प नसते, एवढाच त्याचा फायदा. फुकट मिळत असेल तर घ्यावा. त्याच्या भरवशावर दाब तपासणे थांबवू नये आणि तो मिळत नाही म्हणून कमी हवेवर गाडीही चालवू नये.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. उजव्या बाजूच्या लोअर आर्मचे मागचे बुश फाटलेले निघाले आणि ते बदलायला टाकले आहे. मागच्या दोन्ही टायरांवर १४१९ हे आकडे आहेत, म्हणजे ते २०१९ च्या चौदाव्या आठवड्यातले ठरतात. टॉर्च लावून पाहिल्यावर खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर केसाएवढ्या बारीक भेगाही दिसल्या. स्टेपनीही त्याच वर्षीची आहे, मात्र ती जवळजवळ वापरलेलीच नाही.

आता चारही टायर बदलावेत असे वाटते आहे. मूळ मापच ठेवतो. कंपनी कोणती निवडावी, दोन वर्षांपूर्वीचा स्वस्त माल घ्यावा का आणि स्टेपनीचे काय करावे, एवढे कृपया सांगावे.

सातारा_टायर

भेगा पडल्या असतील आणि वय सहा वर्षांच्या पुढे असेल, तर साडेचार मिलिमीटर नक्षीचा मोह सोडावा. रबर ऊन, ओझोन आणि उष्णतेने कडक होत जाते आणि कडक रबराची ओल्या रस्त्यावरची पकड नक्षी शिल्लक असूनही कमी होते. चारही बदलण्याचा निर्णय योग्य आहे. वऱ्हाडवाट यांचा रुंदीबद्दलचा मुद्दाही आपल्या वापरासाठी मला पटतो. मूळ मापच ठेवावे.

कंपनीपेक्षा मालिका पाहून निवड करावी, असे मी नेहमी सांगतो. एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या स्वभावाचे टायर बाहेर पडतात. आपल्या सातपूरला ज्यांचा कारखाना आहे त्या सीएटचेच उदाहरण घ्या : मायलेज एक्स-थ्री ही मालिका जास्तीत जास्त किलोमीटर मिळावेत म्हणून बनवलेली आहे, तर सिक्युराड्राइव्हमध्ये पकड आणि आरामावर भर आहे. एमआरएफ, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, योकोहामा, मिशेलिन या सर्वांच्या यादीत अशी विभागणी सापडेल. लाखभर किलोमीटर टिकणारे रबर साधारणपणे कठीण असते आणि कठीण रबर ओल्या रस्त्यावर तितकेसे चिकटत नाही. नव्या सिलिका मिश्रणांनी ही दरी कमी केली असली तरी ती पूर्ण मिटलेली नाही. आपला पहिला अग्रक्रम पाऊस असल्यामुळे दीर्घायुष्याच्या मालिकेत पडू नये. ज्या टायरला रुंद, सलग धावणाऱ्या तीन किंवा चार खाचा आहेत आणि बाजूला पाणी काढून देणाऱ्या मोकळ्या वाटा आहेत, तो पाहावा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे घ्यावेत. आपल्या मापात सर्व मालिका मिळतीलच असे नाही. जे उपलब्ध असेल त्यातून हा निकष लावावा.

टायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक आहे ना, हे स्वतः पाहावे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून ते बंधनकारक झाले आहे. २०२२ मध्ये एआयएस-१४२ हे मानक अधिसूचित झाले. त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, लोटप्रतिरोध आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा ठरवल्या आहेत. जुन्या मालापेक्षा ताजा माल घेण्याचे हे आणखी एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वीचा टायर थंड आणि अंधाऱ्या गोदामात ठेवलेला असेल तर तो लगेच वाया जात नाही, पण तो कुठे ठेवला होता हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा, वर्षाच्या आतला चालवून घ्यावा. दराच्या बाबतीत, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तो तसाच लागला आहे याची खात्री करावी. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्यावेत, कारण उत्पादनातील दोषाची हमी मागताना तेच लागतात.

स्वस्तात मिळणारे वापरलेले टायर कृपया घेऊ नयेत. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरून विकण्याचा प्रकार बाजारात चालतो. मोटारीच्या टायरमध्ये त्यासाठी पुरेसे रबरच नसते, त्यामुळे पाते थेट आतल्या पट्ट्यांजवळ पोहोचते.

आगार_कार्यशाळा

बुश सापडले हे उत्तम झाले. आता बसवण्याविषयी लिहितो, कारण चांगला टायर वाईट हातांनी बसवला की त्याचा उपयोग राहत नाही.

टायर बसवताना स्वतः समोर उभे राहावे. चारही व्हॉल्व्ह नवे घालायला सांगावे; त्यांचा खर्च नगण्य असतो आणि जुन्या व्हॉल्व्हचे रबरही टायरइतकेच म्हातारे झालेले असते. रिमच्या कडेवरचा गंज आणि जुने रबर घासून काढायला लावावे, नाहीतर तिथून हवा हळूहळू झिरपत राहते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल किंवा ‘बाहेरची बाजू’ असे कोरले असेल, तर ते जुळले आहे का हे पाहावे. बॅलन्सिंग चारही चाकांचे करून घ्यावे आणि वजने लावल्यावर यंत्रावर शून्य आलेले आपल्या डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर अलाइनमेंट करून तिची छापील प्रत घ्यावी.

स्टेपनी वापरली नसली तरी तिचे वय तेवढेच झाले आहे. तिच्यावर भेगा नसतील तर पंक्चर काढणाऱ्यापर्यंत ताशी ऐंशीच्या आत जाण्यासाठी ती ठेवावी, पण नागपूरच्या प्रवासात ती चाकाला लावून पुढचे शेकडो किलोमीटर जाऊ नये. तिच्यात हवा आहे की नाही हे लोक वर्षानुवर्षे पाहत नाहीत. दर महिन्याला बाकीच्या टायरांबरोबर तीही तपासावी.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढतानाचा तेलकट थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक लावणे आणि वेगात वळणे टाळावे. शक्य असल्यास हे अंतर इगतपुरीच्या पावसाऐवजी शहरातल्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण करावे. चाकांचे नट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत न आवळता टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळायला सांगावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्यावे.